मोडीतली चांदी

जमना, तू गेलीस हे मला नऊ दिवसांनी कळलं. मी दत्त चौकात भाजी घेत होते. मेथीची जुडी हातात असताना तुझ्या कविताचा फोन आला. "मॅडम, याडी गेली," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. तुमच्या बंजाऱ्यांची एवढी गोरबोली तूच मला शिकवली होतीस, तरी क्षणभर कोण गेलं ते मला कळेचना. भाजीवाली म्हणाली, "घेता का ठेवता, ताई?" मी जुडी ठेवली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं दिग्रसला निघाले. तिथून तांड्यावर. आज येऊन चार दिवस झाले आणि लिहायला बसले आहे. तुला सहीपुरती अक्षरं यायची. माझं लिहिलेलं तुला नेहमी कुणीतरी वाचून दाखवावं लागायचं. आता तेही नाही. म्हणून तुझ्याशी बोलल्यासारखंच लिहिते.

तुला आठवतं का, तू मला 'तू' म्हणायला लावलं होतंस? मी नवीन होते, सव्वीस वर्षांची, आणि तू माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी 'जमनाबाई, तुम्ही' म्हणाले की तू तोंड वाकडं करायचीस. एक दिवस हातातली कानस खाली ठेवून म्हणालीस, "तू म्हन वं मले. तुमी म्हटलं का तलाठ्यासमोर उभी हावो असं वाटते." सगळ्या बाया हसल्या. तेव्हापासून आपण दोघी तू-तू.

आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या. आजोबा कोर्टात, वडील कलेक्टर कचेरीत. मीही कुठेतरी खुर्चीत बसावं अशी आईची इच्छा होती. मला नोकरी लागली ती मुंबईच्या एका मोठ्या दागिन्यांच्या कंपनीत, पण कामाची जागा तुमचा तांडा. कंपनीचा 'सामाजिक जबाबदारी' नावाचा विभाग होता आणि यवतमाळ जिल्ह्यात त्यांना काहीतरी करायचं होतं. ती कापसाची वाईट वर्षं. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि कधीच चांगल्या कारणानं यायचं नाही. बाहेरून गाड्या यायच्या, फोटो काढायच्या, जायच्या. आमचीही गाडी त्यातलीच होती. फक्त आम्ही थांबलो.

तांड्याच्या समाजमंदिरात केंद्र उघडलं. वीस बाया. पुसदहून एक म्हातारा कारागीर शिकवायला यायचा. तुमच्या जुन्या दागिन्यांवरून मुंबईच्या मुलींनी नवीन, नाजूक नमुने काढले होते. ते तुम्ही घडवायचे आणि कंपनीनं आपल्या दुकानांतून विकायचे. प्रत्येक दागिन्यासोबत एक छोटं कार्ड जायचं. त्यावर लिहिलेलं असायचं की यातली चांदी जबाबदार मार्गानं मिळवलेली आहे, तिच्यासाठी कुठली खाण खणलेली नाही, कुणाला त्रास झालेला नाही.

पहिल्या दिवशी मी हे सगळं तुम्हाला समजावून सांगितलं. रात्रभर पाठ केलेलं भाषण होतं. संपल्यावर विचारलं, "काही शंका?" तू मागच्या भिंतीला टेकून बसली होतीस. म्हणालीस, "जिम्मेदारी म्हंजे कोनाची, मॅडम? आमची का तुमची?" मी म्हणाले, "कंपनीची." तू मान हलवलीस. "मंग बरं हाय. आमच्याजवळ पह्यलेच लय हायेत."

तुझ्याइतकं झाळकाम, चांदीला डाग देऊन जोडण्याचं काम, कुणालाच जमलं नाही. दोन कड्यांच्या सांध्यावर टाकणखार लावायचा, झाळ ठेवायची, नळीनं ज्योत फुंकायची. जरा जास्त फुंकलं की सगळं काम वितळून गोळा. मी कितीतरी गोळे केले. तू माझ्या गालावर बोट ठेवून सांगायचीस, "श्वास गालात ठेव, पोटातून नको देऊ. चूल थोडीच फुकून राह्यली." तुझा चेहरा ज्योतीच्या उजेडात अगदी शांत असायचा. तेवढ्या वेळात तुला कुणी हाक मारलेली चालायची नाही.

आणि तो फोटोवाला! कंपनीच्या पुस्तिकेसाठी मुंबईहून आला आणि म्हणाला की बायांनी पूर्ण पारंपरिक दागिने घालून कामाला बसावं. तू कपाळाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या घुगऱ्या त्याला दाखवल्यास. "हे घालून जाळापाशी बसू का? केस पेटतीन ना, भाऊ. मंग त्याचा काढजो फोटो." त्यानं तुझा हसतानाचा फोटो घेतला. तोच पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आला. माझ्याकडे अजून आहे.

माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू यवतमाळला आलीस. मी बोलावलं नव्हतं. दोन एसट्या बदलून, भाकरी आणि अंबाडीची भाजी फडक्यात बांधून दवाखान्यात येऊन बसलीस. संध्याकाळी माझ्यासोबत घरी आलीस. आईनं तुला चहा दिला, पण वेगळ्या ग्लासात, जो ती मोलकरणीसाठी न्हाणीच्या कोनाड्यात ठेवायची. मला ते दिसलं. मी माझा कप उचलला. तू चहा प्यालीस, ग्लास स्वतः विसळलास, आणि कोनाड्यात न ठेवता सरळ स्वयंपाकघरात जाऊन मांडणीवर इतर ग्लासांच्या रांगेत ठेवून दिलास. आई बघतच राहिली. तू तिला म्हणालीस, "बाबा बरे होतीन, माय. तुमी जेवून घ्या." त्या रात्री आई जेवली. तो ग्लास पुन्हा कोनाड्यात गेला नाही. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

मग तो दिग्रसचा दिवस.

कंपनीला जुने नमुने हवे होते. आपल्याला चांदी पुरवणारा दिग्रसचा व्यापारी म्हणाला, माझ्याकडे मोड भरपूर पडलेली आहे, येऊन बघा. लोकांनी मोडायला आणलेल्या जुन्या दागिन्यांना तुम्ही-आम्ही मोडच म्हणतो. मला तो शब्द कधी खटकला नव्हता. दागिना आटवला, शुद्ध केला, पुन्हा वापरला. खाण नाही, प्रदूषण नाही. आमच्या कागदांवर याला फार मान होता. म्हणून मी तुला सोबत घेऊन गेले. जिनिंगच्या गल्लीत तेव्हा दुपारीसुद्धा सामसूम असायची.

व्यापाऱ्यानं आतल्या खोलीत पोतं उपडं केलं. हासळ्या, वाळे, कडी, नाण्यांच्या माळा. मी वाकून नक्षी बघत होते. तू बघत नव्हतीस, तू शोधत होतीस. मग गळ्यात घालायची एक जाड हासळी उचललीस. तिच्या एका टोकाला तांब्याची तार गुंडाळलेली होती.

"हे गंगीची," तू म्हणालीस.

गंगा म्हणजे तुझी नणंद. केंद्रात तुझ्याशेजारीच बसायची. हासळीचं टोक तुटलं तेव्हा तिच्या नवऱ्यानं तार गुंडाळून दिली होती. तू ती बाजूला ठेवलीस आणि एकेक उचलत गेलीस. "हे वाळे नायकाच्या सुनेचे. हे माळ सोनीच्या सासूची, तिच्या मायनं देल्ली होती. हे कडं..." मग नावं घेणं थांबवलंस आणि नुसतेच दागिने हातात धरून बसलीस.

व्यापारी वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाई, मी कोनाच्या घरी जाऊन ओढून नाही आनत. स्वतः येतात, ठेवतात, जातात. भाव वाजवी देतो, कोनालेही विचारा." ते खरंच होतं. तूही त्याला काही बोलली नाहीस. पण परतताना एसटीत खिडकीकडे तोंड करून विचारलंस, "मी काल झाळलं ते कानातलं कोनाचं होतं वं?"

"काल? चांदी सगळी एकत्रच आटवतात, जमना. कुणाची कुठली, ते कसं सांगणार?"

"तेच तं. तुह्या कारडावर लिवलं हाय का कोनाले तरास नाई झाला. जमिनीतून काढली तं वाईट, अन् बाईच्या गळ्यातून काढली तं साफ?"

मी तुला समजावलं. त्यांनी स्वतः विकली. दुसरीकडे विकली असती तर दुसऱ्या कुणी आटवली असती. निदान इथे त्यातून तुम्हाला मजुरी मिळते. माझा एकही मुद्दा खोटा नव्हता. तू ऐकून घेतलंस. तांड्याचा फाटा आल्यावर उतरताना म्हणालीस, "गंगीले नको सांगू आपन काय पाह्यलं ते." पुढच्या आठवड्यात ती चांदी आटून केंद्रात आली. गंगा तुझ्याशेजारी बसून त्याच चांदीच्या तारा ओढत होती. तू मान वर केली नाहीस.

महिन्याभरानं तपासणी आली. कंपनीचे दागिने परदेशी दुकानांत जायचे होते आणि त्यांचा माणूस स्वतः येऊन बघणार होता की चांदी खरोखर स्वच्छ मार्गानं येते का. उंच, गोरा, उन्हानं लाल झालेला, फार नम्र माणूस. समाजमंदिरात चटईवर मांडी घालून बसला. त्याला मराठी येत नव्हतं, तुम्हाला इंग्रजी. मध्ये मी. त्याच्या कागदावर एक प्रश्न होता, जुना माल विकणाऱ्यांनी तो आपखुशीनं विकला का. मी तुला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, "जास्त बोलू नकोस. काम चांगलं आहे, मजुरी वेळेवर मिळते, एवढंच सांग."

त्यानं प्रश्न विचारला आणि तुझ्याकडे बघितलं. तू पदर सावरून सरळ बसलीस. जे बोललीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे:

"साहेब, हे चांदी आमच्याच बायाईची हाय. दोन साल पीक गेलं. दुबार पेरनीले बी पाह्यजे होतं, म्हून बायाईनं अंगावरचं काढलं. कोनी हिसकलं नाई, पन कोनी मनानंही नाई देल्लं. आता तेच आटवून आमी दुसऱ्याईसाठी दागिना करतो. मजुरी भेटते, हे खोटं नाई. आमाले काम पाह्यजेच हाय. पन तुमच्या कागदावर 'खुशीनं' असा शबुद असन, तं तेवढा काढा."

पंखा चालू होता. गंगा तुझ्याकडे बघत होती. आपली हासळी कुठे गेली ते तिला तेव्हाच कळलं असणार. साहेब माझ्याकडे बघत होता.

मी त्याला इंग्रजीत म्हणाले, "त्या म्हणतात, आमच्या समाजाची जुनी चांदी आमच्याच हातून पुन्हा नवी होते, याचा आम्हाला आनंद आहे. कामाबद्दल त्या समाधानी आहेत."

तो हसला. मनापासून हसला, हात जोडले, कागदावर खूण केली.

जमना, मी का केलं ते इतक्या वर्षांत स्वतःला अनेक तऱ्हांनी सांगून झालं आहे. केंद्र बंद पडलं तर वीस बायांची मजुरी जाईल, ही भीती खरी होती. कविताची शाळा डोळ्यांसमोर आली, तेही खरं. आणि त्याच महिन्यात मला कायम करायचं की नाही ते मुंबईत ठरणार होतं, हेही तितकंच खरं. यातलं पहिलं काय मनात आलं, ते मला आता आठवत नाही. आठवत नाही म्हणते, पण बहुतेक आठवतं.

गाडी गेल्यावर तू माझ्याजवळ आलीस. मला वाटलं, तुला कळणार नाही.

"काय सांगितलं त्याले?"

"तू म्हणालीस तेच."

"मंग तो हासला काहून?" तू विचारलंस. "मी बोलली त्याच्यात हासन्यासारखं काय होतं?"

  मग मी घाईघाईनं बोलायला लागले, की जमना, समजून घे, हे बंद पडलं असतं, तुमचंच नुकसान झालं असतं. तू हात वर करून मला थांबवलंस.

"पडलं असतं का नसतं, आमाले काय मालूम. तुमाले तरी काय मालूम? आमाले इचारायचं होतं, मॅडम. बंद पडू द्यायचं का नाई, ते आमी ठरवलं असतं. ते चांदी आमची होती अन् काम बी आमचं होतं."

तुमाले. मॅडम. त्या दिवसापासून तू मला पुन्हा 'तू' म्हणाली नाहीस.

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू रोज यायचीस, वेळेवर यायचीस, तितकंच सुंदर काम करायचीस. माझा गोळा झाला की आता गालावर बोट ठेवायची नाहीस, "असू द्या, मॅडम, मी करते" म्हणून माझ्या हातातून काम काढून घ्यायचीस. डब्यातली भाजी पुढे करायचीस, पण आधी इतरांना.

पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा मोड आली आणि तुम्ही हत्यारं खाली ठेवली. तू सगळ्यांच्या वतीनं उभी राहिलीस. "आमच्या तांड्याची मोड आमी नाई घडवनार. दुसरी आना, आमी दुप्पट काम करतो." तीन दिवस केंद्र बंद. मुंबईहून फोनवर फोन. मी अहवाल लिहिला, आणि त्यात काय लिहिलं माहीत आहे? 'स्थानिक भावनिक कारणांमुळे.' तुमच्या अख्ख्या तांड्याच्या अंगावरचं गेलं ते मी तीन शब्दांत बसवलं. खरं सांगायची ती दुसरी संधी होती.

कंपनीनं पुरवठादार बदलला. आता मोठ्या शहरातल्या कारखान्यातून शुद्ध चांदीच्या विटा यायला लागल्या, चकचकीत, शिक्का मारलेल्या, सोबत जाडजूड कागद. मला वाटलं, तुझं समाधान होईल. तू वीट हातात घेऊन उलटीपालटी केलीस.

"हे कोनाची?"

"माहीत नाही, जमना. तीही जुन्या दागिन्यांचीच आहे, एवढं कागदात आहे."

"म्हंजे कोनाची तरी हाय." तू ती खाली ठेवलीस. "नाव मालूम नसलं का बरं वाटते, नाई का, मॅडम?"

तू टोमणा मारला नव्हतास. तू स्वतःलाही विचारत होतीस, कारण त्यानंतर लगेच कामाला बसलीस. त्या प्रश्नावर आपण कधी नीट बोललोच नाही. मी त्यानंतर या धंद्यात आणखी सात वर्षं काढली. खाणीचा, भट्टीचा, व्यापाऱ्याचा, वाहतुकीचा, सगळ्यांचा शोध घेणारे अर्ज भरले. दागिना काढून देताना बाई काही म्हणाली का, यासाठी त्यांत रकाना नव्हता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला म्हणून शेवटी मी ते काम सोडलं असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं नाही. आईचं आजारपण आलं आणि फिरती जमेना, म्हणून सोडलं.

केंद्र चार वर्षं चाललं. मग कंपनीनं ठरवलं की प्रकल्पाचा काळ पूर्ण झाला. एक टेम्पो आला, पट्टी लाटायचं आणि तार ओढायचं यंत्र घेऊन गेला. कार्यक्रमात तुला शाल दिली. तू ती घडी न मोडता गंगाच्या हातात दिलीस आणि झाडू घेऊन खोली झाडायला लागलीस, कारण दुसऱ्या दिवशी तिथे कुणाचं तरी लग्न होतं.

आपली शेवटची भेट दिग्रसच्या स्टँडवर. मी यवतमाळच्या गाडीची वाट बघत होते आणि तू कविताला पुसदच्या कॉलेजात घालून परत आली होतीस. केसांत थोडी चांदी दिसत होती. आपण बाकावर बसलो, दहा मिनिटं असतील. तू सांगितलंस की हत्यारं कंपनीनं नेली तरी नळी आणि चिमटा तुझेच होते. सणासुदीला बायांच्या तुटक्या घुगऱ्या तू झाळून देतेस, आता लांबलांबच्या तांड्यांवरून येतात. गंगाची हासळी? नाही, परत झाली नाही. आता मुली तसलं जड घालत नाहीत, तू म्हणालीस, आणि तेवढं बोलून दुसरंच बोलायला लागलीस.

मला सगळं बोलायचं होतं. वाक्य जुळवून तयार होतं. मी म्हणाले, "जमना, तो तपासणीवाला आला होता ना..." तेवढ्यात गाडी लागली, माणसं उठली. तू माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिलीस. "जाय आता, गाडी चुकन तुही."

तुही. तुझी, 'तुमची' नव्हे. मी खिडकीपाशी बसून यवतमाळ येईपर्यंत तो एक शब्द घोळवत राहिले. तू मला माफ केलं होतंस, की नुसती गडबड होती? मग फोन करीन, पुढच्या दिवाळीला जाईन, कविताचं लग्न होईल तेव्हा जाईन. असं म्हणत म्हणत सहा वर्षं गेली.

आले त्या दिवशी तुझ्या अंगणात गेले तेव्हा हिरासिंगभाऊ बाजेवर बसले होते. तुझे मालक किती वाळले आहेत. त्यांनी सांगितलं, तू शेतातच गेलीस. कापूस वेचत होतीस, पुढच्या तासात, म्हणजे कापसाच्या पुढच्या ओळीत वेचणाऱ्या सोनीला काहीतरी हसण्यासारखं सांगत होतीस, आणि बोलता बोलता खाली बसलीस. सोनीला वाटलं, पाणी प्यायला बसली. कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरलेली होती. कुणाला उचलायलाही वेळ दिला नाहीस. तुझ्या अंगावरच्या घुगऱ्या, वाळे, सगळं काढून भाऊंनी कविताला दिलं आहे. एकही मोडायचं नाही असं तू कधीच सांगून ठेवलं होतंस म्हणे.

मी धीर करून विचारलं, "भाऊ, ती माझ्याबद्दल कधी काही बोलायची का?"

त्यांनी आठवून पाहिलं. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नाही. "नाव निघे कधी कधी. मॅडमच्या वडिलाचं कसं हाय, म्हने."

"रागावली होती का माझ्यावर?"

"राग?" ते जरा गोंधळले. "तिले राग धराले येळ कुठं होता, ताई."

मी इतकी वर्षं त्या समाजमंदिरात तुझ्यासमोर उभी होते, तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधत. तू मात्र केव्हाच उठून आपल्या कामाला गेली होतीस. मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. उलट वाटलं, आता हे कुणाला सांगू?

दुपारी कविता, गंगा, सोनी शेतात निघाल्या. वेचणी अर्धी राहिली होती. कापूस थांबत नाही. मीही गेले. कविता नको म्हणाली, पुसदच्या शाळेत शिकवते ती आता, बोलते अगदी माझ्यासारखी. मी ओटी बांधली. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली, पाठ भरून आली. गंगा माझ्या शेजारच्या तासात होती. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांशिवाय काही नव्हतं.

कंबर वाकवलेली असताना माझ्या तोंडून निघालं, "जमना, मी त्या दिवशी खोटं सांगितलं." पुटपुटलेच होते. पण गंगानं ऐकलं.

"काय म्हनलं, मॅडम?"

मी उभी राहिले आणि पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. मग सगळंच सांगितलं. तू साहेबाला काय म्हणाली होतीस, मी त्याला काय सांगितलं, तो का हसला, अहवालात मी कुठले तीन शब्द लिहिले. मला कायम केल्याचं पत्र पंधरा दिवसांनी आलं, तेही सांगितलं. तुमचीच चांदी होती, तुम्हाला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. सोनी हात थांबवून ऐकत होती. कविता खाली बघत होती. 

गंगानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, वाकली आणि वेचायला लागली. मग मीही वाकले. दिवस मावळायच्या आत आम्हाला तुझा तास संपवायचा होता.